परत आलेले पाळणे

लोक पनवेलहून युरोपला जातात आणि परत येऊन प्रवासवर्णन लिहितात. माझं उलटं झालंय. मी युरोपातून पनवेलला गेले, दीडेक महिना राहिले, आणि आता इटलीतल्या भाड्याच्या खोलीत बसून पनवेलबद्दल लिहितेय. यात हसण्यासारखं काही नाही. तुम्ही शंभर वेळा पनवेलवरून गेला असाल, स्टँडवर वडा खाल्ला असेल, कळंबोलीला एक्सप्रेसवे लागला की 'सुटलो' म्हणाला असाल. पनवेलला आलात असं त्यातून होत नाही. मीसुद्धा जन्माने पनवेलची असून खाडीकडच्या गावांत मोजून दोन-तीनदा गेले असेन. तेव्हा जे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, आणि रागावून लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आधी माझ्या कामाबद्दल. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या काठची माणसं देवळात काय काय वाहत होती, यावर मी पीएच.डी. करते. त्यासाठी इथलं विद्यापीठ मला शिष्यवृत्ती देतं. हे वाक्य मी ज्या ज्या नातेवाइकाला सांगितलं त्याने पुढचा प्रश्न एकच विचारला, की यातून नोकरी कशात लागणार. एका लग्नात माझ्या मामांनी ऐकून घेतलं की मी भाजलेल्या मातीच्या पायांचा अभ्यास करते, तेही बहुतेक फुटक्या. "कशात काय अन् फाटक्यात पाय," ते म्हणाले आणि जिलबी घ्यायला वळले. अख्खी पंगत हसली. त्यांच्याच घरात, त्यांच्या मुलाच्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मामींनी देवीला चांदीचे डोळे वाहिले होते, ते कोणाला आठवलं नाही.

कारण गोष्ट तीच आहे हो. पाय दुखायचा त्याने मातीचा पाय वाहायचा. कान फुटला तर कान. मूल झालं तर दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं मातीचं बाळ. मी ज्या गावात काम करते तिथल्या संग्रहालयाच्या तळघरात अशी शेकडो बाळं फळ्यांवर निजवून ठेवलेली आहेत. तळघराच्या किल्ल्या रोझाकडे असतात. रोझा साठीची, जाड भिंगांचा चष्मा लावणारी बाई आहे. दुपारी एकला ती माझ्या हातातलं भिंग काढून घेते आणि मिठातल्या छोट्या मासळीचा पास्ता समोर ठेवते. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मला सुकटीची आठवण येऊन रडायलाच आलं होतं. रोझाला वाटलं मासळी खारट झाली.

एक गोष्ट मी त्या तळघरात शिकले आणि ती पुढे लागणार आहे, म्हणून सांगते. देवळात जागा संपली की तिथले पुजारी जुन्या वस्तू फेकून देत नसत. देवळाच्या आवारातच खड्डा खणून त्यात पुरत. दिलेली वस्तू देवाची, ती आवाराबाहेर जायची नाही. तिकडे ग्रीसमध्ये चांदीच्या वस्तू वितळवून देवासाठी नवं भांडं घडवायचं असलं तर आधी कोणी काय वाहिलं होतं त्यांची नावं दगडावर कोरायचे आणि मग भट्टी पेटवायचे. आमच्या हाताला ती बाळं लागतात ती त्या खड्ड्यांतूनच.

तर माझ्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं, हे सगळं आजही जिवंत आहे अशी एखादी जागा तुझ्या माहितीत आहे का? मी म्हटलं, आहे, माझ्या घरापासून रिक्षाने अर्ध्या तासावर. बेलखारच्या देवीच्या देवळात मूल जगलं की लाकडी पाळणा वाहतात. हातभर लांबीचे, रंगवलेले, बाजूला मुलाचं नाव लिहिलेले. कॉलेजात असताना बाबांबरोबर मी ते देऊळ पाहिलं होतं. आत वाकून जावं लागायचं, इतके पाळणे आढ्याला टांगलेले होते. विद्यापीठाने प्रवासाला पैसे मंजूर केले आणि मी निघाले. बेलखार हे नाव मी बदललेलं आहे, कारण बाबांना त्याच पनवेलमध्ये राहायचंय.

बेलखार, जुनं

मे महिना. नाक्यावर आगरी बायका ताडगोळे घेऊन बसल्या होत्या. सोललेले ताडगोळे खात मी सहा आसनी रिक्षात बसले तेव्हा जगात इतकं चांगलं दुसरं काही नाही असं वाटत होतं. तो आनंद फाट्यापर्यंत टिकला. फाट्यापुढे डंपरच डंपर होते, आणि धुळीने रिक्षावाल्याला पुढचं दिसेना. त्याने मला उतरवून दिलं. "गाव कुठाय आता, मॅडम," तो म्हणाला. "गाव उठला."

गाव उठलं हे मला माहीत होतं. प्रकल्पाला जमिनी गेल्या, भराव पडला, माणसं नव्या वसाहतीत गेली, हे बाबा फोनवर सांगत होते. पण देऊळही गेलं असेल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पत्र्याचं लांबच लांब कुंपण होतं आणि त्याच्या दारात बिहारचा एक पहारेकरी खुर्चीवर बसला होता. त्याने मला पाणी दिलं आणि हाताने दिशा दाखवली. "मंदिर शिफ्ट हो गया मैडम. उधर, कॉलोनी में. बड़ा अच्छा बना है."

बेलखार, नवं

अच्छा म्हणजे काय ते पाहिलं. ग्रॅनाइटच्या पायऱ्या, स्टीलचे कठडे, आत गुळगुळीत पांढरं छत आणि छतात लपवलेले दिवे. देवी तीच होती, शेंदूर लावलेली, मोठ्या डोळ्यांची. तिच्यामागे चांदीची नवी कोरी प्रभावळ. पाळणा एकही नव्हता. मी मान वर करून पाहत राहिले तेव्हा मागून आवाज आला, "पीओपी आहे. मुंबईचा माणूस आणला होता."

हे दत्ताशेठ. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, वागायला एकदम अदबशीर. मी बाबांचं नाव सांगितल्यावर त्यांनी बाबांना बँकेतल्या नोकरीवरून ओळखलं, खुर्ची मागवली, थंडा मागवला. पाळण्यांचं विचारल्यावर तर त्यांचा चेहरा फुलला. मोबाइल काढून त्यांनी मला एका कार्यक्रमाचे फोटो दाखवले. मांडव, लाउडस्पीकर, 'आपला वारसा आपल्या घरी' असा फलक, आणि स्टेजवर एकेक कुटुंब येऊन आपला पाळणा परत घेतंय, वर शाल आणि नारळ.

"परत केलेत?" मी विचारलं.

"सन्मानाने. बाकीच्या गावांनी तर देवळातलं जुनं सामान कळंबोलीला भंगारात घातलं. आम्ही म्हटलं, नको. ज्याचा त्याला."

"पण शेठ, ते त्यांचे नव्हते. देवीला दिलेले होते."

"मग देवीनेच परत दिले असं समजा. कमिटीच्या हस्ते."

दिलेला नवस परत करायचा असतो हे मी कुठल्याही देशात, कुठल्याही काळात वाचलेलं नाही. मग मला चांदी आठवली. जुन्या देवळात कोळ्यांनी वाहिलेल्या चांदीच्या होड्या होत्या, डोळे होते. त्यांचं काय झालं? दत्ताशेठनी देवीकडे हात केला. ती सगळी प्रभावळीत गेली होती. कोणाकोणाची होती ते कुठे लिहिलंय का, असं मी विचारलं, तर ते हसले. "ते कुठे लिहीत बसणार, ताई."

"म्हणजे लाकूड परत आणि चांदी जमा."

"तुमी शिकलेली माणसं लगेच वाकडं घेता," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, हे मी मान्य करते. माणूस लबाड असता तर मला इतका राग आला नसता. चांगलं केलं असं मनापासून समजून त्याने हे केलं होतं.

नेरे

पाळणे कोणाकडे गेले ते पाहायला मी घरोघर फिरले. एका घरी त्यात कांदे ठेवले होते. एका घरी माळ्यावर टाकला होता आणि बाई विषय काढू देईना. एका घराने तो नेऱ्याच्या फार्महाउसवाल्यांना देऊन टाकला होता, कारण घरचा थोरला मुलगा तिथे बागेचं बघतो आणि मालकीणबाईंना तो फारच आवडला होता.

नेऱ्याला मी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून गेले. बाबा पंचाहत्तरीचे आहेत आणि खडीवर स्कूटर सावकाश न्यावी हे त्यांना मान्य नाही. पहिल्याच वळणावर आम्ही दोघं करवंदीच्या जाळीत पडलो. लागलं काही नाही. बाबांनी उठून कपडे झटकले आणि जाळीत हात घालून करवंदं काढायला लागले. "आलोच आहोत तर," म्हणाले. बाकी त्या वाटेवर डोंगर असे अंगावर येतात, आणि मे महिन्यातही नदीच्या कडेला थोडं हिरवं उरलेलं असतं. डोकं शांत व्हायला लागलं होतं. तेवढ्यात फार्महाउस आलं.

मालकीणबाई मुंबईच्या, मराठीच, गोड बोलणाऱ्या. आम्हाला ग्रीन टी मिळाला. बाबांनी तो कपातच ठेवला. पाळणा व्हरांड्यात होता. त्याला पांढरा रंग देऊन मग तो घासून जुना दिसेलसा केला होता आणि आत मनीप्लांटच्या कुंड्या ठेवल्या होत्या.

"किती एथनिक आहे ना?" बाई म्हणाल्या.

"तो नवसाचा आहे," मी म्हटलं. "देवीला वाहिलेला."

"हो, म्हणूनच तर घेतला. पॉझिटिव्ह एनर्जी असते त्यात."

बाबांनी माझ्या दंडाला धरून मला उठवलं, कारण तळपायाची आग मस्तकात गेली की माझं तोंड सुटतं, हे त्यांना ठाऊक आहे. कोणाचं तरी पोर जगलं होतं त्या पाळण्यापायी. त्याचं नाव त्यांनी पॉलिश पेपरने घासून काढलं होतं. इटलीत अडीच हजार वर्षांच्या मातीच्या बाळाला हातमोजे घालून उचलतात, आणि इकडे जिवंत माणसाच्या नावावर कुंडी ठेवतात. हे मी परतीच्या वाटेवर बाबांच्या कानात ओरडून सांगत होते. "गाडीवर हातवारे करू नकोस," ते म्हणाले.

हिराबाईकडे

वसाहतीच्या शेवटच्या ओळीत हिराबाई कोळीण राहते. साठीच्या घरातली, उंच, काळी, आवाज खडा. सगळा जन्म बेलखारच्या खाडीवर मासळी धरून विकण्यात गेला. आता खाडीच बुजली, तर ती उरणहून मासळी आणून कॉलनीत विकते. तिच्याकडे मला कोणी पाठवलं नव्हतं. मीच रस्त्यावरून जाताना तो पाळणा पाहिला. घराच्या बाहेर, जिन्याच्या लोखंडी गजाला तो टांगला होता आणि वर जुनं जाळं पांघरलं होतं. घराला पुढे मार्बल, दाराला पितळी कड्या, आणि जिन्याखाली हे.

"बाहेर का ठेवलाय, मावशी?" मी विचारलं.

"मंग काय घरान घेव?" तिने मलाच विचारलं. "ये. आदी बस. जेवलीस काय गो?"

मी जेवलेली होते, पण तिने तांदळाची भाकरी आणि बोयट मासळीचं कालवण पुढे केलं आणि मी पुन्हा जेवले. आंबटाला कैरी घातलेली होती. रोझाला इथे आणून बसवावं असं मला वाटलं, दोघींना एकमेकींची भाषा लागली नसती तरी चाललं असतं. माझा हात ताटात आहे हे पाहून मग हिराबाईने सांगितलं.

तिची पहिली दोन मुलं जन्मून काही दिवसांत गेली. तिसऱ्या वेळेला तिने देवीला सांगितलं, यो जगू दे, तुज्या दारान पालना टांगीन. तो जगला. त्याचं नाव दीपेश. तळोज्याला केमिकल कंपनीत इलेक्ट्रिशियन आहे, लग्न झालंय, आणि बायकोला पाचवा महिना लागलाय. पाळणा दीपेश रांगायला लागला तेव्हापासून देवळात होता. आता कमिटीने बोलावलं, शाल दिली, नारळ दिला आणि पाळणा हातात ठेवला.

"स्टेजवर माना बोलावला," ती म्हणाली. "लोका टाल्या वाजवतान. मी घेतला नि आले. देवीनी परत केला म्हंजे काय? नवस घेतला नाय तिनी. मंग पोरगा कोनाचा? आनि सुनेच्या पोटान हाय तो कोनाचा?"

सुनेला तिने दुसऱ्याच दिवशी उरणला माहेरी पाठवून दिलं होतं. पाळणा दारात असेपर्यंत पोटुशी बाई या घरात नको.

मी म्हटलं, खाडीत विसर्जन करून टाकला तर? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "जित्या पोराचा पालना पान्यान सोरतान?"

तेवढ्यात दीपेश पाळीवरून आला. चांगला थोराड मुलगा, डोळे झोपेने लाल झालेले. मी कोण ते कळल्यावर त्याने हातच जोडले. "तुमी तरी सांगा हिला, मॅडम. लाकूड हाय ते. माझी बायको तिकडं, मी इकडं, एका लाकडापायी. परवा फार्महाउसवाला मागत व्हता, तर हिने त्याच्यावर कोयता उगारला."

"तू गप," हिराबाई म्हणाली. "तुना काय ठाव. तू जगलास."

तो आत जाऊन झोपला. मी तिथेच ठरवलं की यांचा पाळणा परत देवीच्या आवारात गेल्याशिवाय मी काही इटलीला जात नाही. शिष्यवृत्तीच्या कागदात असलं काही लिहिलेलं नव्हतं. पण तिचा मुलगा तिचा राहिला की नाही अशी शंका एका बाईच्या घरात आणून ठेवायची, वर टाळ्या वाजवायच्या, आणि मग सगळ्यांनी जेवायला जायचं, हे मला सहन होईना.

रविवारची मीटिंग

कमिटीची मीटिंग देवळाच्या सभामंडपात भरली. बाया मागे, पुरुष पुढे, सगळे थंड ग्रॅनाइटवर मांडी घालून. वर पंखेच पंखे. प्रत्येक पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव, म्हणजे पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही, आणि उकाड्यात पंखा बंद करून कोणी वाचायला जात नाही. मधोमधचा, देवीच्या अगदी समोरचा पंखा सर्वांत मोठा, त्यावर दत्ताशेठ व परिवार. हिराबाई पाळणा घेऊन आली होती. खाली न टेकवता तिने तो मांडीवर धरला होता.

मी बोलायला उभी राहिले. इटलीतलं सगळं सांगितलं, खड्डे, पुजारी, देवाची वस्तू देवाच्या आवारात. देवळामागच्या अंगणात अजून फरशी घातलेली नव्हती. मी म्हटलं, फरशी घालायच्या आधी तिथे खड्डा करा, सगळे पाळणे मानाने त्यात ठेवा, वर दगड बसवा, दगडावर नावं कोरा. चांदी ज्यांनी दिली त्यांचीही.

इतके दिवस हिराबाई घसा फोडून सांगत होती, तेव्हा हे लोक 'मावशीचं डोकं फिरलंय' म्हणत होते. माझं बोलणं संपल्यावर दत्ताशेठनी पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे फॉरेनला असंच करतात?"

"करत होते."

"मग करू या ना." त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "छोटासा कार्यक्रम घेऊ. तुमी दोन शब्द बोला त्यात." माना डोलायला लागल्या. ज्या माणसांना शेजारच्या बाईचं ऐकू येत नव्हतं, त्यांना दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या इटलीच्या पुजाऱ्याचं ताबडतोब ऐकू आलं. मला संताप आला होता, आणि खरं सांगते, आनंदही झाला होता. काम झालं होतं.

"पुराचा नाय," हिराबाई म्हणाली.

सगळे मागे वळले.

"माजी दोन पोरां पुरलेली हान," ती म्हणाली. "हाताएवढी. खाडीच्या वरच्या अंगाला. आता त्यांच्यावर भराव परलाय. तिसऱ्याचा पालना मातीन घालाचा नाय."

तान्हं मूल गेलं तर त्याला जाळत नाहीत, पुरतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं. पण मी खड्डा म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त रोझाच्या तळघरातल्या फळ्या होत्या. मी खाली बसले.

"मग काय करायचं, मावशी?" दत्ताशेठनी विचारलं. आवाज मऊ होता.

"व्हता तसा टांगाचा. देवीच्या समोर. माना दुसरा काय नको."

"टांगायचा कसा? छताला भोक पाडलं तर सगळं पीओपी तडकेल. आणि एकाचा टांगला की दुसरा येईल, तिसरा येईल."

"येव दे ना," हिराबाई म्हणाली. "देवीला कंटालला काय तू?"

मग गोंधळ सुरू झाला. सेक्रेटरी नियम सांगायला लागला, मागे बायका एकमेकींत भांडायला लागल्या, कोणी म्हणालं छतात हूकच नाहीत तर टांगणार कुठे. हे शेवटचं ऐकून भिंतीला टेकून पेंगत असलेला दीपेश उठला. रात्रपाळी करून तो तसाच आईला घेऊन आला होता. तो बाहेर गेला आणि रंगाऱ्याची शिडी घेऊन आत आला. शिडी त्याने देवीसमोर उभी केली, मधल्या पंख्याचं बटण बंद केलं, पाती थांबेपर्यंत वाट पाहिली आणि वर चढला. खिशातून टेस्टर काढून वायर सोडवली. काय चाललंय ते कोणाच्या लक्षात येईपर्यंत दत्ताशेठ व परिवार त्याच्या खांद्यावर होते.

"दीपेश, तो पंखा माझा आहे," दत्ताशेठ म्हणाले.

"हूक देवीचा हाय," दीपेश म्हणाला. "आई, दे इकडं."

हिराबाईने पाळणा वर दिला. त्याने तो पंख्याच्या हुकाला घट्ट बांधला. आरडाओरडा एवढा झाला की पुजारी गाभाऱ्यातून बाहेर आला. सेक्रेटरी शिडी धरून 'उतर, उतर' करत होता. दत्ताशेठ पोलिसांचं नाव घेत होते. मी काय ओरडत होते ते मी इथे लिहीत नाही.

मग एकेकाची नजर वर गेली. आजूबाजूचे पंखे चालूच होते, आणि त्यांच्या वाऱ्याने पाळणा हलायला लागला होता. आधी थोडा, मग चांगला झोके घ्यायला लागला. रिकामा.

बायकांमधून कोणीतरी "अगो बाय" म्हणालं. एकीने डोळ्यांवर पदर घेतला. रिकामा पाळणा हलवू नये, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला आईच्या दुधाबरोबर कळलेलं होतं. हिराबाई हात वर करून त्याला धरायला पाहत होती, पण तिचा हात पोचत नव्हता.

दत्ताशेठ उठले. कोणाला काही न सांगता ते भिंतीकडे गेले आणि एकामागून एक सगळी बटणं बंद केली. मग शिडीखाली येऊन उभे राहिले आणि पाळणा पूर्ण थांबेपर्यंत वर पाहत राहिले. मे महिन्यातली दुपार होती. सगळा गाव त्या बंद सभामंडपात घामाने निथळत बसला होता, आणि पंखे लावा असं एकही माणूस म्हणाला नाही. रिकामा पाळणा नुसता हललेला ज्यांना पाहवत नाही, त्यांनी तो शाल-नारळ देऊन घरोघर पाठवला होता. मला पुन्हा तेवढाच राग आला.

हिराबाईने देवीला हात जोडले, पदराने तोंड पुसलं आणि वर पाहून म्हणाली, "उतर खाली. आंघोल कर नि उरनला जा. सुनेला घेऊन ये."